जालना जिल्ह्यांतील अतिवृष्टि आणि आपले ओढे

पाऊस न पडल्यास काय करावें, हें जालना जिल्ह्यांतील शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. १९७२ चा दुष्काळ आपण स्वतः भोगला किंवा वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला. २०१२-१३ सालीं टँकरच्या पाण्यावर मोसंबीच्या बागा जगविल्या, आणि ज्या जगल्या नाहींत त्यांवर आपल्याच हातांनीं कुऱ्हाड चालविली. परंतु महिन्याचा पाऊस एका रात्रींत पडला तर काय करावें, ह्याचा विचार आपण अद्यापि नीट केलेला नाहीं. मृग लागण्यापूर्वीं तो करावा, म्हणून हा लेख.

२०२५ सालाची आठवण ताजी आहे. त्या वर्षीं मोसमी पाऊस २४ मे रोजींच केरळांत पोंचला व दुसऱ्याच दिवशीं महाराष्ट्रांत आला. वळीव आणि मृग ह्यांमधील अंतर नाहींसें झालें व उन्हाळी मशागत अनेकांची अर्धी राहिली. पुढें सप्टेंबरच्या अखेरीस मराठवाडाभर अतिवृष्टि झाली. २८ सप्टेंबर रोजीं पैठणच्या जायकवाडी धरणांतून सेकंदास तीन लाख घनफुटांहून अधिक पाणी गोदावरींत सोडावें लागलें, आणि अंबड, घनसावंगी व परतूर ह्या तालुक्यांतील नदीकांठच्या लोकांस सुरक्षित जागीं हलवावें लागलें. ७ ऑक्टोबर रोजीं राज्य सरकारनें ३१,६२८ कोटि रुपयांच्या साहाय्याची घोषणा केली. साहाय्य आवश्यकच होतें. पण वाहून गेलेली काळी माती कोणत्याहि सरकारास परत आणून देतां येत नाहीं.

पुराची गोष्ट निघाली कीं सर्वांचें बोट धरणाकडे जातें. तथापि गोदावरीचा पूर हा जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरील पूर होय. भोकरदन, जाफराबाद, बदनापूर येथें गोदावरी नाहीं; तेथील शेतें बुडतात तीं पूर्णा, गिरजा, केळणा, दुधना ह्या नद्यांनीं आणि त्यांस मिळणाऱ्या ओढ्यांनीं. धरणाचें पाणी येण्यापूर्वीं दवंडी तरी होते. ओढ्याचा लोंढा वर्दी देऊन येत नाहीं.

हें पाणी किती असतें तें पहा. चोवीस तासांत ६४.५ मिलीमीटरच्या पुढें पाऊस झाल्यास हवामान खातें त्यास जोरदार पाऊस म्हणतें. महसूल मंडळांत ६५ मिलीमीटरची नोंद झाली कीं अतिवृष्टि धरितात. एका एकरावर १ मिलीमीटर पाऊस म्हणजे सुमारें चार हजार लिटर पाणी. ह्या हिशेबानें ६५ मिलीमीटर पावसाचें एकरीं अडीच लाख लिटरांहून अधिक, आणि शंभर एकरांचें अडीच कोटि लिटरांहून अधिक पाणी होतें. आपली काळी जमीन कोरडी असतां भेगांतून पाणी पिते. पण एकदां ती फुगली कीं भेगा मिटतात आणि वरचें पाणी उताराकडे धांव घेतें. त्यांत हवा एका अंशानें तापली कीं ती सुमारें सात टक्के अधिक बाष्प धरूं शकते. म्हणून तापत्या काळांत पाऊस कोसळतो तेव्हां पूर्वींपेक्षां अधिक जोरानें कोसळणार, हें गृहीत धरूनच चालावें.

आतां हें पाणी जावें कोठून? येथें आम्हांस आमच्याच वर्गाविषयीं कटु बोलणें प्राप्त आहे. दुष्काळाच्या वर्षांत कोरडे पडलेले ओढे आपणच नांगरून शेतांत घेतले. आजोबांच्या वेळीं दोन बैलगाड्या शेजारीं शेजारीं जातील एवढें ज्याचें पात्र होतें, तेथें आज एक सरी उरली आहे. कोणीं बांध फोडला, कोणीं रस्त्याखालीं अरुंद नळी घातली, कोणीं आपलें पाणी शेजाऱ्याच्या शेतांत वळविलें. दोन तास कपाशी मिळाली खरी, पण लोंढा आला तेव्हां त्यानें दोन तासांवर समाधान मानलें नाहीं.

ह्यावर आमची सूचना अशी. वैशाख संपण्यापूर्वीं प्रत्येक गांवच्या सभासदांनीं मिळून ओढा उगमापासून नदीपर्यंत पायीं पहावा. गांवनकाशांत तो कोठें दाखविला आहे व आज कोठें आहे, हें ताडून पहावें, आणि ज्यानें जें दाबलें असेल तें त्यानें आपण होऊन मोकळें करावें. वाहत्या पाण्यास अडथळा झाल्यास १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या ५ व्या कलमान्वयें सहा महिन्यांच्या आंत तहसीलदाराकडे दाद मागतां येते. परंतु कायद्यानें उघडलेल्या ओढ्याबरोबर भाऊबंदकीहि उघडते. सामोपचारानें उघडलेला ओढा टिकतो.

शेताच्या आंतील उपायहि सोपे आहेत. सोयाबीन, तूर व हरभरा रुंद वरंबा-सरीवर पेरावा. पाऊस थोडा असल्यास सरी ओल धरते, अधिक असल्यास पाणी बाहेर नेते. कपाशींत पाणी तुंबून झाडें एकाएकीं माना टाकूं लागलीं तर प्रथम चर काढून पाणी बाहेर घालवावें. मोसंबीच्या बुंध्याशीं पाणी राहिल्यास डिंक्या रोग बळावतो. म्हणून आळें खोडापासून दूर असावें व पावसाळ्यापूर्वीं खोडास बोर्डो मलम लावावें.

वळिवाच्या पावसाचा खरा धोका मात्र विजेचा आहे. तापलेल्या पठारावर समुद्राकडील दमट वारा आला कीं दुपारनंतर ढग उंच चढतात. गडगडाट ऐकूं आल्याबरोबर काम सोडावें. लखलखाट व गडगडाट ह्यांमध्यें तीन सेकंदांचें अंतर म्हणजे वीज सुमारें एक किलोमीटरवर आहे; तें अंतर तीस सेकंदांहून कमी असल्यास पक्कें घर गांठावें, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये. लिंबाखालीं उभें राहूं नये, गुरेंहि बांधूं नयेत. बैल सोडावयास धांवल्यामुळेंहि माणूस जातो. म्हणून आभाळ भरून येतांच बैल आधींच सोडावेत. पुणें येथील उष्णदेशीय हवामान संस्थेचें ‘दामिनी’ हें मोबाईलवरील साधन जवळच्या विजेची सूचना देतें, आणि परभणीच्या कृषि विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारीं व शुक्रवारीं निघतो. घरांतील शिकलेल्या मुलामुलींनीं हीं दोन्ही पाहून सालगड्यांस व मजुरांसहि सांगावें. वीज सातबारा पाहून पडत नाहीं.

शेवटीं विम्याविषयीं एक शब्द. खरीप २०२५ मध्यें राज्यांतील पीकविम्याची भरपाई पीककापणी प्रयोगांवर, म्हणजे मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर बेतण्यांत आली. एकट्याच्याच शेतांत ओढा शिरला तर सरासरीस त्याचा पत्ता लागत नाहीं. विमा अवश्य उतरावा, ई-पीक पाहणीहि वेळेवर नोंदवावी. पण आपला पहिला विमा मोकळा ओढा हाच होय, आणि त्याचा हप्ता मृगापूर्वींच भरावा लागतो.