प्राणवायूचे सिलिंडर किती वेळ पुरेल?

तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याच्या रुग्णालयात रुग्णाला हलवायचे असते. धाप लागलेली असते, डॉक्टरांनी मिनिटाला १० लिटर प्राणवायू चालू ठेवायला सांगितलेले असते आणि रुग्णवाहिकेत एक लहान सिलिंडर असते. अशा वेळी नातेवाइकांच्या मनात एकच प्रश्न असतो : हे वाटेतच संपणार तर नाही ना? याचे उत्तर साध्या गुणाकार-भागाकाराने काढता येते. घोटाळा होतो तो मापांचा. कुठे लिटर, कुठे घनमीटर, कुठे घनफूट, तर कुठे पौंड लिहिलेले असते. ही मापे एकमेकांत कशी बदलायची, ते आज पाहू.

साठा वेगळा, प्रवाह वेगळा

सिलिंडरमध्ये एकूण किती वायू आहे हा झाला साठा. तो लिटर, घनमीटर किंवा घनफूट यांत सांगतात. दर मिनिटाला त्यातून किती वायू बाहेर पडतो हा झाला प्रवाह. टाकीत किती पाणी आहे आणि नळ किती सोडला आहे, यांत जो फरक आहे तोच इथे आहे. साठ्याला प्रवाहाने भागले की वेळ मिळतो. मात्र दोन्हींचे माप एकच हवे. साठा घनफुटात आणि प्रवाह लिटरमध्ये ठेवून भागाकार केला, तर उत्तर हमखास चुकते.

आपल्याकडे वजनमापांचा दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला. तरीही फूट आणि पौंड पुरते गेलेले नाहीत. पावसाळ्यात धरणातून सोडलेले पाणी आपण आजही क्युसेक्समध्ये वाचतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजेच सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. हा २८.३ आकडा लक्षात ठेवावा. पाणी असो वा प्राणवायू, घनफुटाचे लिटर करताना तोच उपयोगी पडतो. एक घनमीटर म्हणजे मात्र सरळ १००० लिटर.

रुग्णालयांत वापरले जाणारे लहान ‘बी’ प्रकारचे सिलिंडर साधारण दीड घनमीटरचे असते, म्हणजे १५०० लिटर किंवा सुमारे ५३ घनफूट. मोठे ‘डी’ प्रकारचे सिलिंडर साधारण ७ घनमीटरचे असते, म्हणजे ७००० लिटर किंवा सुमारे २४७ घनफूट. भरलेले लहान सिलिंडर मिनिटाला २ लिटरने साडेबारा तास चालते. तेच मिनिटाला १० लिटरने अडीच तासांत रिकामे होते.

‘१०००’चा फसवा आकडा

सिलिंडर नेहमीच पूर्ण भरलेले नसते. उरलेला साठा वर बसवलेल्या दाबाच्या गेजवरून कळतो. पुष्कळ गेजवर दोन मापे असतात. एक दर चौरस सेंटीमीटरला किलो आणि दुसरे दर चौरस इंचाला पौंड. पंक्चरच्या दुकानात आपण चाकात ‘तीस पौंड’ हवा भरायला सांगतो, तोच हा पौंड. एक किलो दाब म्हणजे सुमारे १४.२ पौंड.

समजा, लहान सिलिंडरच्या गेजवर काटा १००० पौंडांवर आहे. घाईत एखादा समजतो की १००० लिटर शिल्लक आहेत, म्हणजे मिनिटाला १० लिटरने १०० मिनिटे मिळतील. प्रत्यक्षात १००० ला १४.२ ने भागले की सुमारे ७० किलो दाब येतो. या सिलिंडरची पोकळी १० लिटरची असते. ती ७० ने गुणली की ७०० लिटर होतात, म्हणजे फक्त ७० मिनिटे. हिशेबातला हा अर्ध्या तासाचा फरक रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो.

प्रवासासाठी हिशेब करताना लागणाऱ्या वेळेच्या दुप्पट साठा धरावा. रस्ता अडतो, टायर बसतो, रुग्णालयात पोचल्यावरही थांबावे लागते. वाट दीड तासाची आणि प्रवाह १० लिटरचा असेल, तर ९० गुणिले २ गुणिले १०, म्हणजे १८०० लिटर हवेत. भरलेले एक लहान सिलिंडरही त्याला अपुरे आहे. निघण्यापूर्वीच दुसरे मागून घ्यावे.

प्रवाहमापकावर घनफूट असेल तर?

रुग्णासाठीच्या प्रवाहमापकावर मिनिटाला लिटर हेच माप असते. वेल्डिंगच्या काही मापकांवर मात्र तासाला घनफूट असे लिहिलेले आढळते. तासाला एक घनफूट म्हणजे मिनिटाला सुमारे ०.४७ लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मे. अशा मापकावरचा १० चा आकडा म्हणजे मिनिटाला ५ लिटरही नव्हे. वेल्डिंगचे साहित्य रुग्णाला कधीही जोडू नये.

प्रवाहमापक उभा धरावा आणि गोळीच्या मध्यभागी येणारा आकडा वाचावा.

कापून ठेवण्याजोगे कोष्टक

१ घनफूट = सुमारे २८.३ लिटर
१ घनमीटर = १००० लिटर = सुमारे ३५.३ घनफूट
मिनिटाला १ घनफूट = मिनिटाला सुमारे २८.३ लिटर
तासाला १ घनफूट = मिनिटाला सुमारे ०.४७ लिटर
तासाला १ घनमीटर = मिनिटाला सुमारे १६.७ लिटर
१ किलो दाब = सुमारे १४.२ पौंड

शेवटी एक महत्त्वाची सूचना. सिलिंडर पुरावे म्हणून प्रवाह आपल्या मनाने कमी करू नये आणि रुग्णाला बरे वाटावे म्हणून वाढवूही नये. फुप्फुसांच्या जुनाट विकारात जादा प्राणवायूने रक्तातील कर्बवायू वाढून रुग्णाला गुंगी येऊ शकते. अशा रुग्णांत रक्तातील प्राणवायूचे प्रमाण साधारणपणे ८८ ते ९२ टक्के राखतात. किती लिटर द्यायचे ते डॉक्टर ठरवतील. ते किती वेळ पुरेल, एवढा हिशेब मात्र घरातल्या एकाला तरी यायलाच हवा.