उंदीर रात्री जागतो, म्हणून काय झालं?

वरूडच्या संत्रापट्ट्यात झोपेचा विषय निघाला की ओलिताचा निघतोच. शेतीपंपाची थ्री फेज लाइन काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की कास्तकाराला मोटर सुरू करायला बगीच्यात जावंच लागतं. अशा जागरणानं शरीराचं काय होतं, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या आधारे सांगायला गेलं की हमखास ऐकू येतं, "उंदीर त रातभर जागते भाऊ, त्याच्यावरून माणसाच्या झोपीचं काय समजते?"

शिकलेले लोकही हे इतक्या ठामपणे बोलतात की चीड येते. उंदीर निशाचर आहे, हे संशोधकांना ठाऊक नसेल का? डोळ्यांतून येणाऱ्या उजेडानं जुळणारं शरीराचं मुख्य घड्याळ उंदराच्या आणि माणसाच्या मेंदूत एकाच ठिकाणी, हायपोथॅलॅमसमध्ये असतं. त्यातल्या पेशी निशाचर प्राण्यातही दिवसाच जास्त सक्रिय असतात. घड्याळ तेच, त्याचा इशारा मिळाल्यावर उठायचं की झोपायचं, एवढंच वेगळं.

1999 मध्ये अमेरिकेत मासाशी यानागिसावा यांच्या गटानं ओरेक्सिन हे मेंदूतलं रसायन तयार न होणारे उंदीर घडवले. अंधारात, म्हणजे उंदरांच्या जागेपणी, इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं चित्रण केलं, तर हिंडणारे उंदीर मध्येच कोसळत होते. त्याच वर्षी स्टॅनफर्डमध्ये अचानक झोपेत जाणाऱ्या डॉबरमन कुत्र्यांत ओरेक्सिनच्या ग्राहकाचं (रिसेप्टरचं) जनुक बिघडलेलं सापडलं. वर्षभरात नार्कोलेप्सीच्या, म्हणजे अशाच अचानक झोपेत जाण्याच्या आजाराच्या, रुग्णांचे मेंदू तपासले गेले आणि ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशी जवळपास नाहीशा झालेल्या दिसल्या. पुढे हेच ओरेक्सिन अडवणारं निद्रानाशाचं औषध, सुवोरेक्सन्ट, 2014 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. उंदरावरून काही समजत नाही म्हणणाऱ्यांनी ही साखळी एकदा नीट पाहावी.

"सवय होऊन जाते" हा दुसरा दावा. 'करंट बायॉलॉजी'मध्ये 2006 साली आलेल्या प्रयोगात म्हाताऱ्या उंदरांचं उजेड-अंधाराचं वेळापत्रक दर आठवड्याला सहा तास अलीकडे सरकवलं. आठ आठवड्यांनी त्यांतले 47 टक्केच जगले; ज्यांचं वेळापत्रक हलवलं नाही, त्यांतले 83 टक्के. हे आकडे माणसाला जसेच्या तसे लावायचे नाहीत. पण वेळ सतत बदलत राहिली तर घड्याळ जुळायला उसंतच मिळत नाही, ही गोष्ट पाळी बदलून ओलित करणाऱ्यानं लक्षात घ्यावी.

मर्यादा आहेतच. उंदीर तुकड्यातुकड्यांत, काही मिनिटांच्या डुलक्या घेत झोपतो. प्रयोगशाळेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'सी57 ब्लॅक 6' जातीत मेलाटोनिन हे रात्री स्रवणारं संप्रेरक जवळजवळ तयारच होत नाही. तिच्यावरून माणसाच्या मेलाटोनिनबद्दल बोलताना जपावं लागतं. आणि कर्जाच्या काळजीनं उडालेली झोप उंदरात उभी करता येत नाही.

"कोणीही उंदीर आणून प्रयोग करते": नाही. भारतात त्यासाठी 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे आणि संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची मंजुरी लागते.

झोपेचे प्रयोग माशीवरही होतात म्हटलं की, "माशी कुठं झोपते?": झोपते, आणि जागवली तर नंतर भरपाईही करते, 2000 साली हे दाखवलं गेलं. ही माशी म्हणजे संत्र्यात अंडी घालणारी फळमाशी नव्हे, तर सडक्या फळावर घोंगावणारी चिमुकली ड्रोसोफिला. तिच्यात 1971 मध्ये 'पिरियड' जनुकाचा शोध लागला, आणि त्यावरच्या पुढच्या कामाला 2017 चं नोबेल मिळालं. संध्याकाळीच झोप अनावर होणाऱ्या एका अमेरिकी कुटुंबात 2001 मध्ये जो दोष सापडला, तो याच जनुकाच्या मानवी भावंडात होता.