मजलूमाच्या बाजूने उभे राहण्याचा करार

रमजानच्या महिन्यात रोजा, नमाज आणि कुरआन पठणाबरोबरच पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या चरित्राचे वाचनही घरोघरी होते. त्या चरित्रातला एक प्रसंग प्रेषितत्वाच्या बराच आधीचा, म्हणजे पैगंबर विशीच्या आसपास असतानाचा आहे. येमेनमधल्या जबीद गावचा एक व्यापारी मक्केत माल घेऊन आला. आस बिन वाइल या वजनदार सरदाराने माल ताब्यात घेतला, पण पैसे देण्यास नकार दिला. व्यापारी परका होता. मक्केत त्याच्या टोळीचे कोणी नव्हते आणि त्या काळी ज्याच्यामागे टोळी नाही, त्याचे ऐकणारेही कोणी नसे. अखेर तो काबागृहाजवळच्या अबू कुबैस टेकडीवर चढला आणि त्याने मोठ्याने आपली कैफियत मांडली.

ती ऐकून काही जण अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी जमले. मक्केत कोणावरही अन्याय झाला, मग तो गावचा असो की परगावचा, त्याचा हक्क मिळेपर्यंत सर्वांनी मिळून त्याच्या बाजूने उभे राहायचे, असा करार त्यांनी केला. त्या व्यापाऱ्याला त्याचा माल परत मिळवून दिला. इतिहासात हा करार ‘हिल्फुल फुजूल’ या नावाने ओळखला जातो. तरुण मुहम्मद (स.) त्या बैठकीत होते. पुढे प्रेषितत्व मिळाल्यानंतरही, अशा कराराचे बोलावणे आजही आले तर आपण जाऊ, असे ते सांगत. करार करणारी माणसे मुसलमान नव्हती, हे येथे आवर्जून लक्षात घ्यावे. अन्यायाविरुद्ध एकत्र येण्यासाठी एकाच धर्माचे असण्याची गरज त्यांना वाटली नाही.

या वर्षीच्या रमजानमध्ये हा प्रसंग आठवण्याचे कारण आपल्याच भागात घडले आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या बार असोसिएशन चार दशकांहून अधिक काळ एक मागणी करीत होत्या. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ कोल्हापुरात व्हावे, ही ती मागणी. नागपूरला खंडपीठ होते, पणजीला होते. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, ते १९८१ मध्ये सुरू झाले. या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकाराला मात्र मुंबईच गाठावी लागे.

१७ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते कोल्हापूर सर्किट बेंचचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत कामकाज सुरू झाले. शेजारीच दसरा चौक आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम समाजातल्या मुलांच्या शिक्षणाची सोय केली, त्या प्रयत्नातून उभे राहिलेले मुस्लिम बोर्डिंग याच चौकात आहे. ज्यांच्यापर्यंत शाळा पोहोचत नव्हती त्यांच्यासाठी ती दारात आणण्याचे काम महाराजांनी केले होते. आता त्याच परिसरात न्यायही दारात आला आहे.

याचा अर्थ मुंबईत राहणाऱ्याला चटकन कळणार नाही. सावंतवाडीच्या एखाद्या शेतकऱ्याचे जमिनीचे अपील असले, की रात्रीचा प्रवास, सकाळी मुंबईत उतरून आंघोळीची सोय शोधणे, कोर्टात दिवसभर थांबणे आणि प्रकरण बोर्डावर आलेच नाही तर पुढची तारीख घेऊन पुन्हा रात्रीचा प्रवास, असा क्रम असे. वकिलांची फी वेगळीच. अनेकांनी जिल्हा न्यायालयात हरल्यावर वरचा विचारच सोडून दिला. आता आंबोलीचा घाट चढून कोल्हापूर गाठायचे आणि संध्याकाळी घरी परतायचे, हे शक्य झाले आहे.

हे श्रेय वकील संघटनांचे आहे आणि ते त्यांना दिलेच पाहिजे. त्यांचे पुढचे कामही ठरलेले आहे. आज जे मिळाले ते सर्किट बेंच आहे. राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ च्या कलम ५१(३) नुसार मुख्य न्यायमूर्तींनी काढलेल्या अधिसूचनेने ते सुरू झाले. कायमस्वरूपी खंडपीठासाठी त्याच कलमानुसार राष्ट्रपतींचा आदेश लागतो. शेंडा पार्कच्या जागेवर नवी इमारत उभी राहायची आहे. या दोन गोष्टींसाठी सहा जिल्ह्यांना पुन्हा एकत्र राहावे लागेल.

पण रमजान हा हिशेबाचा महिना आहे, म्हणून एक हिशेब येथे मांडतो. या लढ्यात वकिलांनी अनेकदा कामकाजावर बहिष्कार टाकला. २०१३ मध्ये तर तो बराच लांबला. वकिलांना संपाचा अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले होते. लढ्याचा हेतू चांगला होता, पण त्या काळात ज्यांचे जामीन अर्ज रखडले, पोटगीची तारीख पुढे गेली, त्या पक्षकारांना कोणी विचारले नव्हते. बेंचची किंमत त्यांनीही मोजली आहे. त्यांचे हे देणे वकील संघटनांवर आहे, असे मला वाटते.

ते फेडायचे कसे, याचे एक माप रमजानमध्येच सापडते. जकात म्हणजे वर्षभराच्या शिल्लक संपत्तीचा अडीच टक्के, अर्थात चाळिसावा हिस्सा. जकात देणारा उपकार करीत नाही. त्याच्याकडच्या संपत्तीत गरिबाचा जो हक्क आहे, तो तो परत करतो. वेळेवर आणि कौशल्यावर जकात लागू होत नाही, हे खरे. तरीही माप म्हणून ते घ्यायला काय हरकत आहे? कोणत्याही धर्माच्या वकिलाने चाळीस वकीलपत्रे घेतली, की त्यातले एक फी न घेता चालवावे. सहा जिल्ह्यांत असा पायंडा बार असोसिएशनने पाडला, तर किती घरांना आधार मिळेल याची कल्पना करून पाहा.

यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्यानुसार महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, कारखान्यातील कामगार आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळू शकतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचे कार्यालय आहे, तालुक्याला समिती आहे आणि १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे. तरीही नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईला हे माहीत नसते. ती आधी दागिना गहाण ठेवते आणि मग वकील शोधते. फुकटचा वकील मन लावून केस चालवत नाही, असा समजही लोकांत पक्का आहे. तो पुसायचा तर ज्येष्ठ आणि नावाजलेल्या वकिलांनीच अशी प्रकरणे हाती घ्यायला हवीत.

जकात कोणाला द्यावी याचे आठ प्रकार कुरआनने सांगितले आहेत. त्यात कर्जात बुडालेला माणूस आहे, बंधनातल्या माणसाची सुटकाही आहे. आज जामीन मंजूर होऊनही केवळ रक्कम भरता येत नाही म्हणून तुरुंगात राहिलेले कच्चे कैदी आहेत. अशांसाठी केंद्र सरकारची २०२३ पासूनची योजना आहे. तीत कच्च्या कैद्याला जामिनासाठी आर्थिक मदत मिळू शकते. पण कळंब्याच्या भिंतीआड बसलेल्या माणसाचा कागद पुढे सरकवायला बाहेर कोणीतरी लागते. ते काम वकिलाचे आहे.

जवळचा मुहूर्त १४ मार्चचा आहे. त्या दिवशी राष्ट्रीय लोकअदालत आहे. धनादेश न वटल्याची प्रकरणे, अपघाताची भरपाई, बँकेची वसुली, वीजबिल, घटस्फोट वगळता इतर कौटुंबिक वाद तेथे तडजोडीने मिटतात. कोर्ट फी लागत नाही, आधी भरलेली परत मिळते आणि निवाड्यावर अपील नसते. इस्लाममध्ये समेटाला, म्हणजे सुलहला, मोठे स्थान आहे. मात्र हक्काचे ते सोडायला लावणारी तडजोड सुलह ठरत नाही. निवाड्यावर अपील नसल्यामुळे सही करण्यापूर्वीच दुबळ्या बाजूला नीट सल्ला मिळायला हवा. विमा कंपनीचा माणूस समोर आकडा ठेवतो, तेव्हा विधवेच्या शेजारी तिचा स्वतःचा वकील बसलेला असावा. लोकअदालतीत किती प्रकरणे निकाली निघाली याचे आकडे दुसऱ्या दिवशी छापून येतात. तडजोडीनंतर किती जण समाधानाने घरी गेले, हे बार असोसिएशनने स्वतःहून पाहावे.

लोकअदालतीनंतर पाचच दिवसांनी गुढीपाडवा आहे आणि त्याला लागूनच ईद. ईदच्या नमाजाआधी प्रत्येक ऐपतदार मुसलमान फित्रा देतो, गरिबाच्या घरीही त्या दिवशी चूल पेटावी म्हणून. एखाद्या घराची चूल कोर्टातल्या रखडलेल्या पोटगीवर अवलंबून असते. आपल्या शेजारीपाजारी असे घर असेल, तर त्यांना या आठवड्यातच तालुक्याच्या विधी सेवा समितीचा पत्ता सांगा. एकट्या बाईला कोर्टाची पायरी चढायला भीती वाटत असेल, तर तिच्याबरोबर जा.