भुसा पकडायचा कसा?

बाबा सुतार. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कटर सुरू झाला की त्यांचा खोकलाही सुरू. मित्रांनो, झाडूने निघतो तो जाड भुसा. खरी भीती १० मायक्रॉनहून बारीक धुळीची, ती फुप्फुसापर्यंत जाते. लाकडाच्या धुळीने नाकाचा कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९५ मध्येच सांगितलंय.

दिवाळीच्या सुट्टीत मी कटर आणि व्हॅक्यूम क्लीनर यांच्यामध्ये झाकणबंद बादली बसवली. (पहिली पातळ होती, हवा ओढताच आत चेपली!) हवा कडेच्या पाइपातून तिरकी शिरून गरगर फिरते, जड भुसा भिंतीला घासत खाली बसतो, हवा मधल्या पाइपातून वर जाते. आपला सेंट्रिफ्यूगल फोर्स, दुसरं काय? अगदी बारीक धूळ मात्र हवेबरोबर निसटते. म्हणून क्लीनर शेडबाहेर ठेवला, आणि बाबांना मास्क घ्यायला लावला.

"लई आवाज करतंय रे," म्हणतात. पण बंद करत नाहीत.