मुलांच्या मनाची विचारपूस

मुलाला ताप आला की आई त्याच्या कपाळाला हात लावून पाहते. परंतु मन तापले असता हात कोठे ठेवावा, हे पुष्कळ आईबापांस उमगत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मुलांच्या डॉक्टरांनी या अडचणीवर एक साधा मार्ग धरला आहे. तो आमच्या वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते.

मेक्सिको, ग्वाटेमाला, प्वेर्तो रिको इत्यादी प्रदेशांतून तेथे गेलेल्या लोकांना 'लॅटिनो' म्हणतात. त्यांतील पुष्कळ कुटुंबे आपल्यासारखीच कॅथलिक आहेत. अनेक घरांत आईबाप स्पॅनिश बोलतात, तर मुले शाळेत इंग्रजी शिकतात. घराची रीत एक, शाळेची दुसरी. या दोहोंमध्ये मुलांची, विशेषतः वाढत्या मुलींची, ओढाताण होते. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या अशा मुलींविषयी लुईस सायास या संशोधकांनी २०११ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मायलेकींमधील जिव्हाळा जेथे आटला होता, तेथे धोका अधिक होता, असे त्यांच्या अभ्यासात दिसून आले.

लोकलज्जा, पैशाची चणचण व भाषेचा अडसर यांमुळे अशी मुलगी मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरकडे सहसा पोहोचत नाही. परंतु लस टोचण्यासाठी किंवा खोकल्याचे औषध नेण्यासाठी ती नेहमीच्या दवाखान्यात येतेच. मग विचारपूस तेथेच का होऊ नये? बारा वर्षे व त्यावरील प्रत्येक मुलामुलीस डॉक्टरांनी हे विचारावे, असा सल्ला तेथील बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संस्थेने २०२२ साली दिला. त्यासाठी सरकारी मानसिक आरोग्य संस्थेने तयार केलेले ४ प्रश्न आहेत. ते विचारावयास सुमारे २० सेकंद पुरतात, आणि ते स्पॅनिश भाषेतही मिळतात. मरून जावेसे वाटले काय, आपण नसतो तर घरच्यांचे बरे झाले असते असे मनात आले काय, असे ते सरळ प्रश्न होत. आईबापांना थोडा वेळ बाहेर बसवून ते विचारले जातात.

असे विचारल्याने नको तो विचार मुलांच्या मनात शिरेल, अशी भीती कोणासही वाटेल. परंतु न्यूयॉर्क राज्यातील शाळांत केलेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती निराधार ठरली. विचारल्याने मुलांचे दुःख वाढले नाही.

उत्तर 'होय' आले तर डॉक्टर मुलाला धाडून देत नाहीत. मन खचू लागल्याची खूण कोणती, त्या वेळी कोणापाशी जावे, हे मुलासमवेत कागदावर लिहितात. घरातील औषधे, विष व शस्त्रे कुलुपात ठेवण्यास आईबापांना सांगतात. हे सांगणे त्यांच्याच भाषेत व्हावे लागते. आपल्याच दुःखाची हकिगत मुलीने आईला भाषांतर करून सांगावी, यासारखी क्रूर गोष्ट कोणती? निकडीचा प्रसंग वगळता दवाखान्यात अल्पवयीन मुलांना दुभाषी करू नये, असा नियमच तेथे २०१६ साली झाला.

घरात असा प्रयत्न घडला की तो पाप म्हणून झाकून ठेवण्याची वृत्ती तेथे आहे, आणि आपल्याकडेही आहे. परंतु तीव्र मानसिक यातना माणसाची जबाबदारी कमी करतात, आणि आत्महत्या केलेल्यांच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये, असेच ख्रिस्तसभेचा १९९२ सालचा धर्मशिक्षण ग्रंथ शिकवतो. जेथे ख्रिस्तसभा आशा सोडीत नाही, तेथे आपण जिवंत लेकराविषयी तोंड का मिटावे?

माउलींनो, बापहो, आपले मूल अबोल झाले, जेवणावरून उठू लागले, आवडती वस्तू दुसऱ्यास देऊ लागले, तर रागावू नका. त्याला जवळ बसवा व विचारा, "बाळा, जीव नकोसा झाला आहे काय?" उत्तर ऐकून घाबरू नका, उपदेश करू नका, त्याला एकटे न सोडता डॉक्टरकडे न्या. २०२२ साली भारत सरकारने सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस फुकट सल्ला मिळतो. रोज सायंकाळी आपण एकत्र गुडघे टेकतो. रोझरी संपल्यावर घटकाभर मुलाचेही ऐकून घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.