जरा, टेलोमरेज आणि धम्मदृष्टी

तथागतांनी दुःखाचे विवेचन करताना जन्मापाठोपाठ जरेचा उल्लेख केला आहे. वार्धक्य हे अनित्यतेच्या नियमानुसार येते, हे प्रत्येक उपासक जाणतो. परंतु ते शरीरात कोणत्या कारणांनी घडते, याचा शोध घेणे हेही प्रतीत्यसमुत्पादाच्या विचाराला धरूनच आहे. ‘ध्यानाने टेलोमरेज वाढते व म्हातारपण थांबते’ असे विधान धम्माच्या नावाने केले जाते. त्याची तपासणी करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

बीड जिल्ह्यातील धर्मापुरीच्या केदारेश्वर मंदिराचा चालुक्यकालीन दगड ऊनपावसाने झिजतो; झिजलेला भाग पुन्हा भरून येत नाही. मानवी शरीराचे तसे नाही. त्वचा, रक्त आणि आतड्याचे अस्तर यांतील पेशी सतत मरतात व पेशीविभाजनाने नव्या निर्माण होतात. मात्र या दुरुस्तीलाही मर्यादा आहे. प्रयोगशाळेत वाढविलेल्या सामान्य मानवी पेशी सुमारे ५० वेळा द्विगुणित झाल्यावर विभागणे थांबवितात, हे लिओनार्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनी १९६१ साली दाखवून दिले.

या मर्यादेचे एक प्रमुख कारण गुणसूत्रांच्या टोकांशी आहे. या टोकांना टेलोमिअर म्हणतात. तेथे डीएनएची सहा अक्षरांची एकच मालिका हजारो वेळा आलेली असते. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते, पण अगदी शेवटच्या टोकाची नक्कल पूर्ण होऊ शकत नाही. त्यामुळे प्रत्येक विभाजनागणिक टेलोमिअर थोडे आखूड होते. ही तूट भरून काढणारे विकर म्हणजे टेलोमरेज. कॅरोल ग्रायडर व एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांना ते १९८४ साली डबक्यातील एका एकपेशीय जीवात आढळले. या संशोधनासाठी २००९ साली त्या दोघींना व जॅक शोस्टाक यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. टेलोमरेज म्हातारपणी अचानक नाहीसे होत नाही. गर्भावस्थेच्या आरंभी ते भरपूर सक्रिय असते. पण बहुतेक अवयवांच्या पेशींत जन्मापूर्वीच बंद पडते. पुढे ते मुख्यतः प्रजननपेशींत, अल्प प्रमाणात मूलपेशींत आणि रोगजंतूंशी लढताना काही पांढऱ्या पेशींत कार्यरत राहते. मूलपेशींतील टेलोमरेज झीज मंद करते, पूर्णपणे भरून काढत नाही. वयाबरोबर रक्तातील पांढऱ्या पेशींतही त्याचे कार्य घटते. टेलोमिअर फारच आखूड झाले की पेशी विभाजन थांबविते. अशा थकलेल्या पेशी साचून शरीरात दाह वाढवितात व रोगप्रतिकारशक्ती क्षीण होते. अर्थात वार्धक्याचे हे एकमेव कारण नव्हे. मेंदूतील बहुतेक चेतापेशी विभागत नाहीत, तरी मेंदू वृद्ध होतोच.

मग टेलोमरेज सर्वत्र चालू का राहत नाही? सुमारे ८५ ते ९० टक्के कर्करोगांत हे विकर सक्रिय असते. पेशीला अमर्याद विभाजनाची मोकळीक मिळणे हे शरीराच्या हिताचे नाही. ज्याला आपण ऱ्हास म्हणतो, तो काही अंशी संरक्षणही आहे. म्हणून टेलोमरेज वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधांपासून सावध राहिलेले बरे.

आता ध्यानाकडे वळू. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात तीन महिन्यांच्या ध्यानशिबिरातील ३० साधकांचे टेलोमरेज, शिबिरात नसलेल्या ३० जणांपेक्षा अधिक आढळले. परंतु मोजणी केवळ शिबिराच्या अखेरीस झाली होती. आरंभी झाली नव्हती. त्यामुळे ध्यानाने ते वाढलेच, असे सिद्ध होत नाही. कालाम सुत्ताचा वारसा सांगणाऱ्यांनी सोयीचे विधानही पारखूनच स्वीकारले पाहिजे.

२००४ साली एलिसा एपेल, ब्लॅकबर्न व सहकाऱ्यांनी ५८ मातांचा अभ्यास केला. ज्यांना ताण अधिक जाणवत होता, त्यांच्यात टेलोमिअर आखूड व टेलोमरेज कमी आढळले. आजारी अपत्याची शुश्रूषा करणाऱ्या मातांमध्ये, शुश्रूषेची वर्षे जितकी अधिक तितके हे प्रमाण खालावलेले होते. जीवनाचा भार आणि पेशींची झीज यांचा संबंध यातून सूचित होतो.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या माताभगिनींचा भार आपण पाहतो. त्यांना केवळ ‘मन शांत ठेवा, तारुण्य टिकेल’ असा उपदेश करणे म्हणजे दुःखाचा दोष दुःखिताच्याच माथी मारणे होय. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त हेच करीत आला आणि बाबासाहेबांनी तो नाकारला. वृद्ध, रोगी व मृत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही कथाही त्यांना पटली नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी शाक्य व कोलियांमधील रोहिणी नदीच्या पाण्याचा संघर्ष पुढे आणला.

चित्त सावध व करुणामय करण्यासाठी ध्यान अवश्य करावे. त्याला टेलोमरेजच्या प्रमाणपत्राची गरज नाही. जरा टळणार नाही. परंतु उपासमार, अतिश्रम आणि अपमान यांमुळे अकाली येणारी जरा मनुष्यनिर्मित आहे, म्हणून ती मनुष्यप्रयत्नाने दूर करता येते. पुरेसे अन्न, विश्रांती, औषधोपचार आणि सन्मान यांसाठी झटणे, हेच वार्धक्याविषयीचे आपले धम्मकर्तव्य आहे.