भाजी तिखट झाली नव्हती!

गेल्या भाऊबीजेला मी अमरावतीहून अकोल्याला माहेरी गेले होते. वहिनींनी पातोडीची रस्साभाजी, गरम पोळ्या आणि गुलाबजाम असा बेत केला होता. दादानं पहिला घास घेतला आणि ताट बाजूला सारलं. "किती तिखट केलं व हे!"

वहिनींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी भाजी चाखून पाहिली. आपल्या वऱ्हाडाच्या मानानं ती चक्क फिकी होती! स्वयंपाकघरात गेल्यावर वहिनी हळूच म्हणाल्या, "सहा महिने झाले ताई, तिखट अर्ध्यावर आणलं मी. तरी यायचं तोंड जळते. आता काय मिठासंगं पोळी वाढू?"

मग गुलाबजाम आले. लहानपणी अख्खा गुलाबजाम एका घासात गट्टम करणारा माझा दादा, चमच्यानं त्याचे चार तुकडे करून एकेक तुकडा दातांच्या फटीतून आत सारत होता. त्याचं तोंड पुरतं उघडतच नव्हतं. आणि हे घरात कुणाच्याच नीट लक्षात आलं नव्हतं.

दोन दिवसांनी मी हट्टानं दोघांनाही दवाखान्यात घेऊन गेले. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दादाचं तोंड पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "खर्रा दिवसाला किती?"

"दोन-तीन पुड्या. पण मी काई दारू पेत नाही, डॉक्टर."

मैत्रिणींनो, आपली सारी फसगत याच एका वाक्यात आहे. व्यसन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दारू येते, गांजा येतो, झिंगत घरी येणारा नवरा येतो. पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळणारा खर्रा खाऊन माणूस झिंगत नाही, शिवीगाळ करत नाही, कामावर वेळेवर जातो. म्हणून आपण त्याला 'सवय' म्हणतो. पण तंबाखूतलं निकोटिन हे भारी चिवट व्यसन लावणारं द्रव्य आहे. गालात तोबरा धरला की ते तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून थेट रक्तात जातं. थोड्या वेळानं त्याचा असर उतरला की जीव पुन्हा मागणी करतो. चिडचिड होते, डोकं दुखतं, कामात लक्ष लागत नाही. ही मागणी म्हणजेच व्यसन.

खर्ऱ्यात नुसती तंबाखू नसते. सुपारी आणि चुनाही असतो. दादाचं तोंड आवळत आणलं होतं ते मुख्यतः सुपारीनं. सुपारीमुळे गालाच्या आतली मऊ कातडी हळूहळू घट्ट होत जाते, आत दोऱ्यांसारखे पट्टे तयार होतात. आधी तिखट सोसत नाही, मग तोंड उघडत नाही. एकदा आवळलेलं तोंड पूर्वीसारखं पुरतं मोकळं होणं कठीण असतं, आणि अशा तोंडात पुढे कर्करोग होण्याचा धोका फार वाढतो. तंबाखू न घातलेली सुपारीदेखील कर्करोगाला कारण होते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली दिला आहे. तेव्हा मुलांच्या हातावर गोड सुपारी ठेवताना दहादा विचार करा. हळदीकुंकवाचा विडा देवापुढे शोभतो, तो चघळायलाच हवा असं नाही.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ सालापासून बंदी आहे. पुढे सुगंधी तंबाखू आणि सुपारीही तिच्यात आली. अठरा वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकणं, शाळा-कॉलेजापासून शंभर यार्डांच्या आत विकणं हे तर २००३ च्या कायद्यानंच गुन्हा आहे. पण कायदा आपल्या उंबरठ्याच्या आत येत नाही. आत पाहायचं ते आपणच.

आणि आत पाहिलं तर काय दिसतं? दादाला तपासून झाल्यावर बाईंनी वहिनींकडे वळून विचारलं, "आणि तुम्ही काय लावता?"

वहिनी गोऱ्यामोऱ्या झाल्या. चहाच्या डब्यामागे त्यांची मिश्रीची डबी असते, हे मला पंधरा वर्षांपासून ठाऊक होतं. धाकट्याच्या बाळंतपणानंतर दाढ दुखायची, म्हणून कुणीतरी मिश्री लावायला सांगितली. दाढ केव्हाच पडली, मिश्री मात्र राहिली. सकाळी एकदा, दुपारी भांडी झाल्यावर एकदा. "याच्याबिगर मले परसाकडे होत नाही, बाई," त्या खालमानेनं म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंना त्यांच्या हिरडीजवळ एक पांढरा चट्टा दिसला.

मिश्री म्हणा, मशेरी म्हणा, तपकीर म्हणा. तव्यावर काळी केली तरी ती तंबाखूच. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातल्या शंभरातल्या सुमारे १७ बायका कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात. तेव्हा 'हे पुरुषांचं व्यसन' असं म्हणून आपल्याला हात झटकता यायचे नाहीत. पोटुशी असताना तर ही डबी दूरच ठेवा. मुंबईत बाराशेहून अधिक गरोदर बायकांची पाहणी झाली, ती २००४ साली छापून आली. तंबाखू लावणाऱ्या-खाणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरली. आधीच अशक्त असलेल्या आईच्या बाळाला शंभर ग्रॅम म्हणजे थोडं नव्हे.

आता घरच्या घरी करायच्या दोन गोष्टी सांगते.

पहिली, तीन बोटांची परीक्षा. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक अशी उभी धरून पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये घाला. ज्याची त्यानं स्वतःचीच बोटं घालायची. तिन्ही जात नसतील तर डॉक्टर गाठा.

दुसरी, महिन्यातून एकदा भर उजेडात आरशासमोर तोंड पाहायचं. गाल, हिरड्या, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा. पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, दोन आठवड्यांत न भरणारं छाल्यासारखं काही दिसलं, तर घरगुती औषध करत बसू नका. अमरावतीला इर्विन, अकोल्याला सर्वोपचार, नाहीतर जवळचा दातांचा डॉक्टर, कुठेही जा, पण जा.

सोडायचं कसं? भांडून नव्हे. "तुमचं तोंड सडणार" असं रोज म्हटलं की माणूस पानठेल्यावर जास्त वेळ बसतो. एक दिवस ठरवा, घरातली पुडी-डबी त्या दिवशी बाहेर टाका. पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण. त्यात घरात कुरबुरी होतील, त्या मनावर घेऊ नका. तलफ येते तेव्हा ती पाच-दहा मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी, बडीशेप, वेलदोडा, एक चक्कर. बद्धकोष्ठाला सकाळी कोमट पाणी, पालेभाजी, ताक. मनानं जमत नसेल तर निकोटिनचा च्युइंगगम किंवा औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानं घेता येतं. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन केला तर सल्ला फुकट मिळतो.

गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज दोघेही आपल्या अमरावती जिल्ह्यातले. दोघांनी गावोगाव फिरून व्यसनांविरुद्ध लोकांना हलवलं. आज नागपूरच्या कर्करुग्णालयाला राष्ट्रसंत तुकडोजींचं नाव आहे. त्या दारापर्यंत आपलं माणूस जाऊ नये, एवढं तर आपल्या हाती आहे.

दादा-वहिनींनी एकाच दिवशी सोडलं. वहिनींच्या चट्ट्याचा तुकडा तपासला, त्यात कर्करोग निघाला नाही. पण दोघांनाही दर तीन महिन्यांनी तोंड दाखवायचं आहे. मधे दादा एकदा घसरला, पुन्हा सावरला. तोंड अजून दोनच बोटं उघडतं. परवा वहिनींचा फोन आला होता. "ताई, काल यायनं स्वतःहून ठेचा मागितला. इवलासाच."

एवढुसा ठेचा, पण वहिनींचा आवाज केवढा तरी भरून आला होता.

तेव्हा मैत्रिणींनो, आज रात्री कुणी "भाजी तिखट झाली" म्हणालं, तर आधी भाजी चाखा. भाजी ठीक असेल, तर म्हणा, "जरा तोंड उघडा पाहू!"